मदत हवी आहे: आर्केडच्या जॉयस्टिक-बटणांसाठी जुने गेमपॅड फोडू की कीबोर्ड एन्कोडर घेऊ?

एक_रुपयाचं_नाणं

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या सुट्टीत भाचेकंपनी सांगलीला येणार आहे. एका रुपयात आम्ही मुस्तफा कसा संपवायचो हे मी त्यांना दरवेळी ऐकवतो आणि ते मोबाइलमधून मान वर न काढता "हो मामा" म्हणतात. यंदा पुरावाच समोर ठेवायचा ठरवलंय. (मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. हे खरं नाव आमच्या गल्लीत कुणाच्या तोंडी ऐकलेलं नाही. त्यातल्या एका गड्याचं नाव मुस्तफा, म्हणून गेमच मुस्तफा.)

जुना डेस्कटॉप आहे, त्यावर विंडोज आणि मेम (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) चालू झालंय. आता लाकडी पॅनेल करायचंय, दोघांना खेळता येईल असं. प्रत्येकाला एक जॉयस्टिक, सहा बटणं (स्ट्रीट फायटर टू ला सहा लागतातच), स्टार्ट आणि कॉइन. म्हणजे एकाचे चार दिशा धरून १२ स्विच, दोघांचे २४. सगळे मायक्रोस्विच. इथवर कळलंय. पण या २४ स्विचच्या वायरी कॉम्प्युटरला कशातून जोडायच्या, तिथे गाडी अडली आहे.

घरात दोन यूएसबी गेमपॅड पडून आहेत, वेगवेगळ्या बनावटीचे, दोन्हींच्या स्टिक झिजल्यात पण बटणं चालतात. एक यूएसबी कीबोर्डही आहे. किंवा मग तयार कीबोर्ड एन्कोडर, म्हणजे स्विच जोडले की कॉम्प्युटरला कीबोर्ड वाटणारा छोटा बोर्ड. आयपॅक नावाचा चांगला म्हणतात, पण तो इंग्लंडहून मागवायचा म्हणजे बोर्डापेक्षा टपाल आणि कस्टमचीच धास्ती.

सोल्डरिंग येतं, म्हणजे तुटलेली वायर जोडता येते इतपत. कोणता रस्ता धरू?


कथिलवाला

आधी त्या कीबोर्डचा विचार डोक्यातून काढा. मी २००८ साली तोच उद्योग केला होता.

कीबोर्डच्या आत प्रत्येक कीला वेगळी वायर नसते. आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते आणि की दाबली की एक आडवी आणि एक उभी रेघ जुळते. आता मेममध्ये दुसऱ्या खेळाडूची पहिली चार बटणं मुळात ए, एस, क्यू, डब्ल्यू अशी असतात. ही चार अक्षरं जाळीत एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर आली, तर त्यातली कुठलीही तीन दाबली की चौथी न दाबताच दाबल्यासारखी दिसते. यालाच घोस्टिंग म्हणतात. त्यावर उपाय म्हणून बरेच कीबोर्ड तिसरी की गिळूनच टाकतात. टाइप करताना कुणाला कळत नाही. मारामारीत लगेच कळतं.

आतला बोर्ड काढून त्याला बटणं जोडलीत तरी जाळी तीच राहते. पटत नसेल तर काही न फोडता बघा: नोटपॅड उघडा, ए आणि एस दाबून धरा आणि वर क्यू दाबा.


एक_रुपयाचं_नाणं

बघितलं. ए आणि एस धरून क्यू दाबला तर क्यू येतच नाही! डब्ल्यूचंही तेच. कीबोर्ड परत माळ्यावर.

मग गेमपॅड?


डावखुरी_खेळाडू

थांबा, एवढ्यात "कीबोर्ड वाईट" असा निकाल नको. वाईट आहे ती जाळी. आयपॅकसारख्या एन्कोडरमध्ये प्रत्येक स्विचला स्वतंत्र पिन असते, त्यामुळे घोस्टिंगचा प्रश्नच येत नाही. आयपॅक टू ला ३२ इनपुट आहेत, तुमचे २४ आरामात बसतील. कॉम्प्युटरला तो कीबोर्डच वाटतो आणि त्याच्या कीज मेमच्या ठरलेल्या कीजप्रमाणेच लावलेल्या येतात. जोडला की खेळायला बसा. शिवाय दोघं खेळाडू एकाच बोर्डावर, त्यामुळे पहिला-दुसरा यांची अदलाबदल होत नाही. हे दोन गेमपॅडवाल्यांना विचारा!

विंडोजवर एक गंमत मात्र लक्षात ठेवा. पहिल्या खेळाडूची बटणं डावा कंट्रोल, डावा ऑल्ट, स्पेस आणि डावा शिफ्ट अशी सुरू होतात. शिफ्ट म्हणजे चौथं बटण. ते लागोपाठ पाचदा दाबलं की विंडोज मधेच स्टिकी कीज (शिफ्टसारखी की धरून न ठेवता चालवायची सोय) चालू करू का म्हणून विचारतं. स्ट्रीट फायटरमध्ये चौथं बटण म्हणजे साधी लाथ. आता एखादा पोरगा ती पाचदाच मारून थांबेल का? सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट आधी बंद करा.


कथिलवाला

गेमपॅडबद्दल. दोन्ही उघडा, पण सोल्डरिंग गन लगेच तापवू नका. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप देणारी सेटिंग). प्रत्येक बटणाखाली दोन काळे ठसे दिसतील. एका बटणाच्या एका ठशावर एक टोक ठेवून दुसरं टोक बाकीच्या बटणांच्या ठशांवर फिरवा. प्रत्येक बटणाचा एकेक ठसा बीप देत असेल तर तुमचं नशीब चांगलं: सगळ्यांचं ग्राउंड एकच आहे. एक वायर सगळ्या स्विचच्या कॉमवरून (सामायिक टोकावरून) माळेसारखी फिरवायची आणि दुसरी प्रत्येकाच्या नॉर्मली ओपन टोकाला (दाबल्यावरच जुळणाऱ्या) वेगवेगळी. बीप दोन-तीन बटणांतच आली तर तिथेही जाळी आहे. जमतं तेही, पण प्रत्येक बटणाला दोन वायरी, आणि ग्राउंडची माळ बाद.

काळ्या ठशावर सोल्डर धरत नाही, ते कार्बन आहे. त्याच्याकडे जाणारा तांब्याचा ट्रॅक शोधा, वरचा हिरवा थर ब्लेडच्या टोकाने हलकेच खरवडा, पातळ वायर लावा आणि लगेच वर ग्लू गनचा थेंब. जाड वायर लावलीत तर एका हिसक्यात ट्रॅक उपटून येतो. पॅडपासून वीतभर पातळ वायर, मग टर्मिनल स्ट्रिप, आणि तिच्यापुढे हवी तेवढी जाड.

झिजलेल्या अ‍ॅनालॉग स्टिक तशाच राहू द्या. त्या काढल्या तर तिथला व्होल्टेज तरंगत राहतो आणि गडी आपोआप एका भिंतीला जाऊन चिकटतो. काढायच्याच असतील तर प्रत्येक अक्षासाठी १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून मधलं टोक मध्यावर बांधावं लागतं.


पिकोवाला_पुणे

तुम्ही दोघं पंधरा वर्षं मागे आहात, राग मानू नका. आता गेमपॅड कशाला फोडायचा? ऑनलाइन "झीरो डिले" नावाने एन्कोडर मिळतो, जॉयस्टिकला जागा आणि १२ बटणांची सॉकेट, वायरी सोबत. सोल्डरिंग शून्य. एका खेळाडूला एक बोर्ड, म्हणजे तुम्हाला दोन. पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मला अजून दिसला नाही, ऑनलाइन मात्र ढिगाने आहेत.

नावावर जाऊ नका, डिले झीरो वगैरे काही नसतो. पण गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. बोर्डाने दर ८ मिलिसेकंदांनी खबर दिली तरी ती अर्धीच फ्रेम झाली. भाच्यांना कळणार नाही. मामांनाही नाही.

त्याहून हौस असेल तर रास्पबेरी पाय पिको हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड घ्या आणि त्यावर जीपी२०४०-सीई हे फुकट फर्मवेअर (बोर्डाला गेमपॅड बनवणारा प्रोग्राम) टाका. स्विचचं एक टोक पिनला, दुसरं ग्राउंडला, झालं. कॉम्प्युटरला एक्सबॉक्सचा पॅड वाटतो.


एक_रुपयाचं_नाणं

@पिकोवाला_पुणे पिकोवर २६ पिना आहेत असं वाचलं. माझे स्विच २४. मग एकाच पिकोचा कीबोर्ड करून दोन्ही खेळाडू जोडता येणार नाहीत का? दुसऱ्या बोर्डाचे पैसे वाचतील.


पिकोवाला_पुणे

पिनांच्या हिशोबाने येतील. पण जीपी२०४०-सीई एका खेळाडूसाठी आहे, तेव्हा दोघांचा कीबोर्ड करायचा तर कोड स्वतः लिहावा लागेल. आणि त्यात एक खड्डा आहे, मी पडलोय. आर्डुइनोची (अशा बोर्डांसाठी कोड लिहायचं साधन) नेहमीची कीबोर्ड लायब्ररी एका वेळी ६ साध्या कीजच पाठवते. कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट त्यात मोजत नाहीत, ते वेगळे जातात. आता मोजा: दोघांनीही जॉयस्टिक तिरकी धरली, म्हणजे चार कीज झाल्या. राहिल्या दोन. दुसऱ्याने तीन बटणं एकदम दाबली की एक गायब. जाळी टाळून पुन्हा तिथेच. पिकोच घ्यायचे तर दोन घ्या आणि दोन गेमपॅड करा.


डावखुरी_खेळाडू

आणि दोन गेमपॅड केलेत की माझा मुद्दा येतो! दोन सारखे बोर्ड लावले तर विंडोजला ते जुळे भाऊ वाटतात. एखाद्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला की डावीकडचा खेळाडू उजवीकडे. मेमच्या कंट्रोलर फाइलमध्ये मॅपडिव्हाइस ही ओळ घालून कोणता बोर्ड पहिला ते कायमचं सांगता येतं. पण ते पहिल्याच दिवशी करा, पाहुण्यांसमोर नको.

जाता जाता सुताराबद्दल. सँवा या जपानी कंपनीची ३० मि.मी.ची खटकन बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात. १८ मि.मी. प्लायवुडला त्यांचे काटे पलीकडे पोचतच नाहीत. जाड लाकूड असेल तर मागून नट आवळायची बटणं घ्या. आमच्या सुताराने आधी १२ भोकं पाडली आणि मग विचारलं.


एक_रुपयाचं_नाणं

मंडळी, अपडेट देतो.

शनिवारी दोन्ही पॅड उघडले. काळ्या पॅडचं ग्राउंड एकच निघालं, प्रत्येक बटणाला बीप. निळ्या पॅडमध्ये बीप तीन बटणांपुरती, म्हणजे जाळी. काळ्यावर दिशांचे चार आणि दोन बटणं जोडून झाली, दीड तास गेला, मान धरली, पण चाललं! एकच घोळ: दिशा कधी मेमला दिसायच्या, कधी नाही. शेवटी कळलं की पॅडवर अ‍ॅनालॉगचा दिवा आहे. तो लागलेला असला तर दिशांची बटणं हॅट (स्टिकपेक्षा वेगळा दिशांचा इनपुट) म्हणून जातात, विझलेला असला तर स्टिक म्हणून. आणि दर वेळी कॉम्प्युटर चालू केला की दिवा विझलेलाच. मग मेममध्ये विझलेल्या दिव्याप्रमाणेच कीज लावल्या.

निळ्याच्या चौथ्या वायरीला ट्रॅक उपटून आला. कथिलवाल्यांनी सांगितलं होतं, तरी मी जाडच वायर लावली होती, कारण पातळ संपली होती आणि रविवारी दुकान बंद.


कथिलवाला

रविवारी आमचं प्रत्येक काम असंच बिघडतं. ट्रॅक जिथे चिपकडे जातो तिथून पुढे खरवडून परत जोडता येईल. पण खरं सांगू, तुमच्या हातात वेळ किती आहे?


एक_रुपयाचं_नाणं

पंधरा दिवस. म्हणून निळा सोडला आणि दोन झीरो डिले मागवले, ते आलेही. पहिला बोर्ड २० मिनिटांत जोडून झाला. काळ्याचे दीड तास आठवून जरा वाईट वाटलं. विंडोजने दोघांनाही जेनेरिक यूएसबी जॉयस्टिक असं एकच नाव दिलं, म्हणजे जुळे भाऊच. मॅपडिव्हाइस लिहून ठेवलं आणि मुद्दाम चार वेळा रीस्टार्ट केला. ज्याची जागा त्यालाच राहिली.

आयपॅक घेतला नाही त्याची खंत नाही, पण हे रोज चालवायचं मशीन असतं तर डावखुरी यांचं ऐकून तोच घेतला असता. एक बोर्ड, अदलाबदल नाही, फाइल लिहायची नाही. वर्षातून महिनाभरासाठी मला इतकं परवडतं.

आता मुख्य गोष्ट. काळ्या पॅडचं काय करायचं हा विचार चालू असताना आठवलं, मुस्तफा तिघांचा आहे! आमच्या दुकानातल्या मशीनला दोनच जॉयस्टिक होत्या, त्यामुळे विसरलोच होतो. आणि त्यात बटणं फक्त दोन, मारायचं आणि उडी. म्हणजे तिसऱ्याला लागतात चार दिशा, दोन बटणं, स्टार्ट आणि कॉइन, एकूण आठ स्विच. सहा आधीच जोडलेत. फक्त दोन वायरी राहिल्या. पातळ वायर आणली आहे.

पॅनेलवर जागा नाही, म्हणून तिसरा वेगळ्या छोट्या पाटावर. स्वयंपाकघरातला जुना पोळपाट चालेल का? बहिणीला अजून विचारलेलं नाही.


डावखुरी_खेळाडू

चालेल, गोल आहे ते बरंच. पण पोळपाट जाड असतो. जॉयस्टिकची प्लेट खालून ठोकाल तर दांडा वर बोटभरच येईल. खालून तेवढी खाच मारून घ्या. आणि बहिणीला विचारू नका, नवा आणून ठेवा.