'मतदानाचा कल' नक्की कोणाचा?

भाषांतरवाली: अमेरिकी सिनेटवरचा लेख मराठीत करतेय. कोणाच्या प्रचाराला कुठल्या धंद्यातून पैसा आला आणि त्याने सभागृहात कुठल्या विधेयकावर कसं मत दिलं, हे शेजारी-शेजारी ठेवलंय. मी 'मतदानाचा कल' लिहिलं, तर संपादक म्हणाले, हे मतमोजणीच्या सकाळचं वाटतं. दुसरी अडचण 'देणगीदार'. वाचलं की देवळाच्या पायरीवरची फरशी आठवते, 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ'. काय वापरू?

मुळशीकर: 'कौल'ही नको. कौल लावायचा तो देवाला, द्यायचा तो जनतेने. 'सभागृहातली मतं' लिहा साधं.

तिरकस: आपल्याकडे शब्द नाही कारण ती गोष्टच नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते. मग एकट्या आमदाराचा कल कसला आलाय? तिकडे पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून खुर्ची जात नाही, म्हणून एकेकाचा हिशेब मांडता येतो.

शुद्धमती: 'व्हिप' कशाला? प्रतोद!

तिरकस: अहो, प्रतोद माणूस, व्हिप कागद. 'प्रतोद बजावला' कधी ऐकलंत?

शुद्धमती: मग 'पक्षादेश' म्हणा.

करवीरकाका: देणाऱ्याचं सोडा ताई, घेणाऱ्याला फक्कड शब्द हाय, 'मिंधा'. आमची आजी वाटीभर साखर उसनी आणली तर शीग लावून परत करायची. म्हणायची, कुणाचं मिंधं ऱ्हायाचं न्हाई. मला वाटतं हा शब्द मेंढ्यावरनं आला असणार, मान खाली घालून चालतो तो.

मुळशीकर: काका, मेंढ्याला सोडा हो.

भाषांतरवाली: पण 'मिंधा' लिहिलं की निकालच लागला! लेखातला वाद तोच आहे. पैसा मिळाला म्हणून मत तसं पडलं, की मत आधीच तसं होतं म्हणून पैसेवाले त्याच्याकडे आले? बऱ्याच अभ्यासकांना दुसरं जास्त पटतं.

तिरकस: शिवाय २०२२ पासून 'मिंधे' लिहिलं की लोक वेगळंच यमक वाचतात.

करवीरकाका: त्यात आमच्या आजीचा काय दोष?

जुनीवही: 'थैली' कोणालाच आठवली नाही? टिळकांना साठीनिमित्त १९१६ मध्ये लाखाची थैली दिली, ती त्यांनी देशकार्याला देऊन टाकली. चारचौघांत दिलेला पैसा म्हणजे थैली. निवडणूक रोख्यांत देणाऱ्याचं नाव झाकलेलं. ते झाकण उघडायला फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं.

मुळशीकर: आता थैली म्हटलं की दुधाची पिशवी आठवते. हिंदीवाले 'चंदा' म्हणतात, आपण 'वर्गणी' म्हणूया.

शुद्धमती: वर्गणी सगळ्यांनी मिळून काढायची असते. एकट्या तेल कंपनीने दिली तर ती वर्गणी कशी?

भाषांतरवाली: उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. 'पैसा पुरवणारे' चालेल का?

शुद्धमती: पक्षादेश 'बजावतात' की 'काढतात', ते आधी ठरवा.