मदत हवी आहे: गेम आत्ता घ्यावा की विंटर सेलपर्यंत थांबावं?

नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरातून विचारतोय. भाच्याला दिवाळीत पीसी गेम घेऊन द्यायचं कबूल केलंय. स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) किंमत २,९९९ रुपये. पोरगं रोज विशलिस्ट उघडून हिरव्या चौकटीत वजा किती टक्के आलंय ते बघतंय. नवी पेठेत निदान घासाघीस तरी करता येते, इथं कुणाशी करणार?

मोठे सेल जूनअखेर आणि डिसेंबरअखेर लागतात, म्हणजे जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आधी स्वस्त मिळू शकतो. पण गेम याच वर्षीचा आहे. इतक्या नव्या गेमवर घसघशीत सूट मिळते का? स्टीमडीबी या साइटवर जुन्या किमतींचा आलेख दिसतो, त्यातली सगळ्यात कमी किंमत पुन्हा येतेच असं धरून चालावं का?

आत्ता घेतला आणि लगेच सेल लागला, तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास रिफंड मागता येतो. आमचा गडी ते २ तास पहिल्याच रात्री उडवणार, त्यामुळे तो मार्ग बंदच समजा.

मेव्हणे म्हणतात, बाहेरच्या साइटवरून स्वस्तातली ‘की’ (गेम चालू करायचा कोड) घे. मला ते पटत नाही. कुणी घेतलीय का? भाचा दिवसातून तीनदा फोन करतोय, जरा लवकर सांगा.