मदत हवी आहे : क्षमा करायची, पण बांधाचं काय?

आम्ही खानापूर तालुक्यातले. चुलत दिरांनी भातशेतीचा बांध दोन हात आमच्यात सरकवला. बायबलमध्ये शिष्य पेत्राने ‘सात वेळा क्षमा करू का?’ विचारल्यावर प्रभू येशू ‘साताच्या सत्तर वेळा’ म्हणाले (मत्तय १८:२२), हे लहानपणापासून पाठ आहे. पण लूक १७:३ मध्ये आधी दोष दाखव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर, असंही आहे. यांना तर पश्चात्तापच नाही! परवा जाऊबाई तापाने पडल्या तेव्हा मी पेज करून नेली. हात थरथरत होते, राग तसाच होता. मोजणीसाठी अर्ज केला तर माझी क्षमा खोटी ठरते का? यातून गेलेल्यांनी कृपया सांगा, पहिला शब्द कसा काढलात? नाताळाआधी बोलायचं आहे.