वर्षानंतरही सोबरायटीचे दिवस मोजावेत का?

केशरआंबा: दारू सोडून वर्ष झालं की दिवस मोजणं बंद करावं, असं माझं ठाम मत. पहिल्या ९० दिवसांत आकडा फार कामाचा, कारण दुसरं काही हाती नसतं. पण ७४०-७५० झाले की माणूस आकडा जपतो आणि फॉलोअप चुकवतो. मग एखाद्या लग्नात एक पेग जातो, आकडा शून्यावर येतो, आणि "मोडलंच आता" म्हणत उरलेली क्वार्टरही संपते. एकदा पाय घसरला ती स्लिप; तिची रिलॅप्स, म्हणजे पुन्हा नेहमीचं पिणं, हा शून्यच करतो.

पायवाट: अजिबात पटलं नाही. ए.ए.मध्ये (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) वर्षाचं मेडल देतात ते घेणाऱ्यापेक्षा मागच्या खुर्चीत बसलेल्या, चौथ्या दिवशी हात थरथरणाऱ्या माणसासाठी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी घरचे निर्धास्त होतात, पगार घरी येतो आणि "आता बेतानं घेता येईल" हा विचार डोकं वर काढतो. त्याला दारू सोडल्याची ती तारीखच अडवते. स्लिप लपवावी लागते, तो दोष आकड्याचा नाही. जिथे ती सांगायची सोय नाही त्या घराचा.

केशरआंबा: घराचं मान्य. तरी मोजायचंच तर महिन्यात मीटिंगा किती झाल्या, स्पॉन्सरला (ए.ए.मधला आधार देणारा जुना सोबती) फोन किती केले, संध्याकाळी उपाशी किती वेळा राहिलात ते मोजा. तलफ बहुतेकदा भूक, राग, एकटेपणा नाहीतर थकव्यातून उठते आणि साधारण अर्ध्या तासात ओसरते. तेवढ्यात वरणभात पोटात गेला, तरी पुष्कळ काम होतं.

रातराणी: स्लिपनंतरच्या दिवसाबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि जीव तिथे जातो. घाबरून लगेच डायसल्फिरॅम (दारू प्यायल्यास त्रास होतो ती, दारू सोडवायची गोळी) देऊ नका. शेवटच्या घोटानंतर किमान १२ तास जायला हवेत, तेही डॉक्टरांना विचारून. भाजीत गुपचूप मिसळून तर कधीच नको. गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत रिअ‍ॅक्शन येऊ शकते, अल्कोहोल असलेल्या खोकल्याच्या औषधानंसुद्धा. आणि आठवडाभर सलग पिणं झालं असेल तर घरच्या घरी एकदम तोडू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. भास, बडबड, घाम बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. सरळ दवाखान्यात न्या.

पायवाट: हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. माझा हट्ट एवढाच, की कॅलेंडरवरची जुनी तारीख खोडू नका. नवी तिच्याखाली लिहा आणि त्याच दिवशी स्पॉन्सरला सांगा. आधीचे ७४० दिवस न पिताच काढलेत ना?