घरचे जुने सोयाबीन बियाणे : उगवण ठीक, पण ताकद कशी तपासावी?

वेदगंगाकाठ (निपाणी तालुका)

नमस्कार. आमच्या गावातील काही शेतकऱ्यांनी मिळून गेल्या खरिपातले जे.एस. ३३५ वाणाचे सोयाबीन घरचे बियाणे म्हणून राखून ठेवले आहे. त्याचे दोन ढीग आहेत. पहिला ऊन बघून काठीने झोडपून काढलेला आहे, तर दुसरा परतीच्या पावसाच्या उघडिपीत घाईघाईने थ्रेशरमधून काढलेला आहे. ओल्या गोणपाटात शंभर-शंभर दाणे गुंडाळून पाहिले, तेव्हा पहिल्याची उगवण ७६ आणि दुसऱ्याची ७३ टक्के आली. प्रमाणित सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते, म्हणजे दोन्ही ढीग पास आहेत.

तरीही धीर होत नाही. गेल्या मृगात असेच सत्तरीच्या वरचे बियाणे पेरले होते. पेरणीनंतर जमीन घट्ट झाली आणि ओळीत निम्मीच रोपे वर आली. दुबार पेरणीचा खर्च अजून अंगावर आहे. कृषी पदवीचे शिक्षण घेणारा माझा भाचा म्हणतो, की दाण्यातील एन्झाइमची क्रिया मोजली तर बियाणे किती थकले आहे ते कळते. यातील कोणती चाचणी घ्यावी आणि ती गावात जमण्यासारखी आहे का, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

बीजपरीक्षण (धारवाड)

आपली शंका अगदी योग्य आहे. बियाणे प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे, की सोयाबीनच्या बाबतीत केवळ उगवणीच्या टक्क्यांवर विसंबून पेरणी करू नये. गोणपाटात दाण्याला ओल, ऊब आणि मोकळी जागा असे सगळेच मिळते, त्यामुळे अर्धमेला दाणाही तेथे मोड काढतो. तोच दाणा घट्ट मातीखालून डाळिंब्या वर उचलताना हरतो. दाणा म्हातारा होतो तो आधी आतून, आणि उगवणीचा आकडा घसरतो तो बऱ्याच उशिरा. या मधल्या काळात जे बिघडते ते एन्झाइमच्या क्रियेत दिसते.

सोयाबीनमध्ये सुमारे २० टक्के तेल असते आणि त्यातील बराच भाग लवकर खवट होणाऱ्या स्निग्धाम्लांचा असतो. साठवणीत या तेलाचे ऑक्सिडीकरण होऊन पेरॉक्साइडे तयार होतात आणि ती पेशींचे पापुद्रे फाडतात. ही घाण निपटण्याचे काम कॅटालेज, पेरॉक्सिडेज आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज ही एन्झाइमे करतात. बियाणे जुने होत जाते तशी त्यांची क्रिया मंदावते. श्वसनाशी संबंधित डिहायड्रोजनेज एन्झाइमांचेही तसेच होते, आणि गावपातळीवर आपल्या उपयोगाची आहेत ती हीच.

यासाठी टेट्राझोलियम चाचणी घ्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. जर्मनीतील गेओर्ग लाकोन यांनी १९४० च्या दशकात ती रूढ केली. टेट्राझोलियम क्लोराइडचे द्रावण रंगहीन असते. जिवंत पेशीत डिहायड्रोजनेजची क्रिया चालू असली, की त्याचे फॉर्मॅझान हे लाल रंगद्रव्य बनते. मेलेला भाग पांढराच राहतो.

कोरडे दाणे एकदम पाण्यात टाकू नयेत, ते पाणी झपाट्याने ओढून चिरतात. ओल्या कागदात रात्रभर गुंडाळून ठेवावेत. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात एक ग्रॅम पावडर, असे ०.१ टक्क्याचे द्रावण करावे (बोअरचे पाणी वापरू नये, आम्ल-विम्लता बिघडली की रंग फसवतो). त्यात फुगलेले दाणे ३५ अंशांच्या आसपास, अंधारात, तीन-चार तास ठेवावेत. हातमोजे अवश्य घालावेत. नंतर साल काढून दोन्ही डाळिंब्या उघडाव्यात आणि भिंगाखाली पाहावे.

खरे कसब येथे आहे. सगळीकडे सारखा, स्वच्छ गुलाबी-लाल रंग असेल तर दाणा धडधाकट आहे. गडद, काळपट लाल रंग पाहून पुष्कळ जण खूश होतात. प्रत्यक्षात ती ठेचलेली किंवा थकलेली पेशी असते, जिच्यात द्रावण भराभर शिरलेले असते. मूळ, कोंब किंवा डाळिंब्या जेथे जोडल्या जातात ती जागा पांढरी असेल, तर बाकी दाणा कितीही लाल असला तरी तो बाद धरावा. बुरशी लागलेला दाणाही लाल दिसू शकतो, म्हणून तो आधीच बाजूला काढावा.

आकड्यात मोजायचे असल्यास दाण्यांतील फॉर्मॅझान द्रावकात उतरवून कलरीमीटरवर (रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर) सुमारे ४८० नॅनोमीटरला वाचन घेतात. ते मात्र प्रयोगशाळेतच करावे, आणि एकाच वाणाचे ढीग एकमेकांशी ताडून पाहण्यासाठीच वापरावे. पेरॉक्सिडेजच्या एकट्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. ताण पडल्यावर ते सुरुवातीला वाढतेही.

मलप्रभा (खानापूर)

आमच्याकडे सोयाबीनपेक्षा भात जास्त. भातालाही हीच चाचणी चालेल का?

बीजपरीक्षण (धारवाड)

चालेल. भाताचा दाणा उभा चिरून गर्भ पाहावा लागतो. नुकत्याच कापणी झालेल्या भाताला सुप्तावस्था असते. तो उगवत नाही, पण गर्भ लाल होतो. असा दाणा मेलेला नाही, झोपलेला आहे, हे या चाचणीतून कळते.

वेदगंगाकाठ (निपाणी तालुका)

आपण सांगितल्याप्रमाणे भाच्याने महाविद्यालयातून पावडर आणली आणि दोन्ही ढिगांचे शंभर-शंभर दाणे तपासले. झोडपलेल्या ढिगातले ७१ दाणे नीट गुलाबी निघाले. थ्रेशरच्या ढिगातले फक्त ४८. त्यातील कितीतरी दाण्यांच्या मुळाच्या टोकाशी काळपट लाल ठिपका होता आणि डाळिंबीच्या कडेला नखाएवढी पांढरी चंद्रकोर. सालीवर मात्र बाहेरून काहीच दिसत नव्हते. गोणपाटातले ७३ आणि हे ४८ यांतला फरक पाहून आम्ही सगळेच गप्प झालो. आता काय करावे?

बीजपरीक्षण (धारवाड)

मूळ पातळ सालीच्या अगदी खाली असते, म्हणून थ्रेशरचा मार पहिल्यांदा तेथेच बसतो. आणि ठेचलेली जागाच साठवणीत सर्वांत आधी मरते. दुसरा ढीग पेरू नये, बीजप्रक्रिया करण्याआधीच (म्हणजे दाण्याला औषध चोळण्याआधी) बाजारात द्यावा. पहिल्या ढिगातले दाणे शेतातल्याच मातीत चार सेंटिमीटर खोल लावून आठ दिवसांनी वर आलेली रोपे मोजावीत. एकरी ३० किलो हे प्रमाण ७० टक्के उगवण धरून असते; मातीत ६० टक्केच आली, तर ३५ किलो पेरावे. कमी पडणारे बियाणे कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून आत्ताच नोंदवून ठेवावे, मृग लागल्यावर तेथे रांग लागते.

वेदगंगाकाठ (निपाणी तालुका)

मनापासून आभारी आहे. मातीतली चाचणी आज संध्याकाळीच लावतो आणि आठ दिवसांनी येथेच आकडा कळवतो.