रोखे रद्द झाले म्हणजे देणग्या उघड झाल्या का?

टिपणीकार: कालच्या चर्चेत एका महाशयांनी लिहिलं, "कोर्टाने निवडणूक रोखे रद्द केले, याद्या बाहेर आल्या, आता आणखी कायदा कशाला?" अहो, देणगीदाराचं नाव गुप्त ठेवणारे हे रोखे २०१७ च्या कायद्याने आले; १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालाने गाडी २०१७ च्या आधीच्या थांब्यावर आणून सोडली, एवढंच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९सी खाली पक्ष निवडणूक आयोगाला फक्त २०,००० वरच्या देणगीदारांची नावं देतो. ही मर्यादा एका माणसाच्या वर्षभराच्या बेरजेला आहे, म्हणजे तुकडे पाडून चालत नाही. पण आयकरातली सूट मिळवायला २०,००० च्या आतल्या देणगीदाराचं नाव-पत्ता लिहून ठेवण्याची अटच नाही. नाव नाही तर बेरीज कोण करणार? रोखीची २,००० ची मर्यादा तर दर देणगीला वेगळी. दोन लाख रोख आले की शंभर पावत्या फाडायच्या, विषय संपला. म्हणून नाव आणि पॅन पहिल्या रुपयापासून हवं, आणि २४ए नमुना, म्हणजे आयोगाला द्यायचा देणग्यांचा अहवाल, वर्षातून एकदा नको, दर तिमाहीला हवा.

उलटतपासणी: म्हणजे सभेत झोळी फिरवणारा छोटा पक्ष मेला. मोठ्यांकडे सीएंची फौज असते. आणि विरोधकांना पाच हजार देणाऱ्या दुकानदाराचं नाव छापलंत, तर त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी कोण येईल? निकालपत्र नीट वाचा. राजकीय कल गुप्त ठेवण्याचा हक्क कोर्टाने मान्य केलाय, आणि २०,००० ची रेषा हा तो हक्क आणि मतदाराचा माहितीचा हक्क या दोन हक्कांमधला समतोल मानलाय.

टिपणीकार: दुकानदाराच्या आडून कंपन्यांना वाचवू नका. कंपनीच्या देणगीवरची, तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये उडवली, ती कुठल्या दुकानदारासाठी?

नस्ती_हरवली: नावं मिळून करणार काय? देणगीच्या बदल्यात काय मिळालं ते टेंडरच्या नस्तीत (फाइलीत) असतं, आणि नस्ती मागितली की "अभिलेख आढळून येत नाही". माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे अभिलेखांची सूची आधीच तयार हवी. २००५ पासून हवी!

कारकुनी_खाक्या: सूची करणार कोण? निम्मी पदं रिकामी. आणि अर्ज कसे येतात? "सन २०१० पासूनच्या सर्व नस्त्यांच्या प्रती." दीडशे शब्द आणि एकच विषय, हा राज्याचा नियम उगाच आला नाही.

नस्ती_हरवली: नियम आला तो अर्ज फेटाळायला सोय म्हणून! कागद सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठे पद्धत पाळली असती, कागद किती काळ जपायचा ते ठरवणारी अ-ब-क-ड वर्गवारी वेळेत झाली असती, तर कागद पाच मिनिटांत सापडतो. रिकाम्या पदांचं रडगाणं बंद करा.

कारकुनी_खाक्या: आवाज खाली. गठ्ठे बांधून झाले की विभागाचं स्थलांतर होतं आणि अभिलेख कक्षात पोती जातात. तुम्ही प्रती मागता तिथेच चुकता. आधी अवलोकन, म्हणजे कार्यालयात बसून कागद बघणं, मागा, पहिला तास फुकट असतो. आवक-जावक आणि नस्तीच्या हालचालीची नोंदवही बघा. नस्ती शेवटची कोणाच्या टेबलावर गेली, तारखेसह दिसतं. मग त्या टेबलाचं नाव घालून अर्ज करा. "आढळत नाही" म्हणणं अवघड जातं.

नस्ती_हरवली: वा, साहेब कामाचं बोलले. तरीही नाही मिळाली तर? माहिती अधिकाराच्या कलम २० खाली अधिकाऱ्याला दंड रोजचा २५०, फार तर २५,०००. माहिती आयोगापर्यंत दुसरं अपील जाईस्तोवर अधिकारी निवृत्त.

कारकुनी_खाक्या: महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा, २००५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अपिलात त्याचा उल्लेख करा, हरवलेल्या नस्त्या आपोआप सापडतात.

उलटतपासणी: धागा देणग्यांचा होता. हे नस्तीपुराण दुसरीकडे न्या.

टिपणीकार: पुराण कसलं? ३ जून २०१३ ला केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे माहिती अधिकाराखाली येणारी संस्था, ठरवलं. एकानेही तो आदेश पाळला नाही. पक्षांकडे नस्ती मागायची सोयच नाही, म्हणून तर कायदा हवा. असो, तुमच्या दुकानदारासाठी एवढं सोडतो: नोंद पहिल्या रुपयापासून ठेवा, छापा २०,००० वरचीच.

उलटतपासणी: उपकार झाले. ती नोंद तपासणार कोण? पक्षाचा लेखापरीक्षक पक्षच नेमतो.