सोसायटीच्या पाण्याचे मेसेज सिमवरून पाठवतोय, मराठीची सगळी प्रश्नचिन्हं होतात

लालबागकर_सेक्रेटरी:
नमस्कार. मी ६७ वर्षांचा, रिटायर्ड. चाळीचा टॉवर झाला आणि सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. ६२ फ्लॅट. व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, पण पंधरा-सोळा घरांत अजून बटणाचे फोन, आणि नेमकी तीच माणसं पहाटे पाण्यासाठी उठतात.

पुतण्याचा जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) मीटर रूममध्ये ठेवला, त्याला सिम घातलेलं थ्रीजी डोंगल, आत गॅमू (मेसेज पाठवायचं सॉफ्टवेअर). इंग्रजी मेसेज व्यवस्थित जातो. मराठी पाठवला की समोर नुसती ?????? दिसतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "पाणी येणार आहे की नाही, तुम्हालाच ठाऊक नाही वाटतं." शिवाय दोन दिवसांआड डोंगल गायब होतं, वॉचमनला काढून लावायला सांगावं लागतं.

मेसेज असा: "सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की उद्या पहाटे पाणी..." वगैरे.

तारजोड्या:
काका, प्रश्नचिन्हांवर उपाय सोपा आहे. गॅमूच्या कमांडमध्ये युनिकोडचा (सगळ्या लिप्यांची अक्षरं चालणारी पद्धत) पर्याय दिला नाही की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. तो द्या, आणि ऑटोलेन हा लांबीचा पर्यायही द्या, नाहीतर लांब मेसेज मधेच तुटेल.

डोंगलचं कारण बहुधा वीज. पायच्या पोर्टला तो भार झेपत नाही, स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावा. कधी डोंगल परत लावल्यावर पोर्टचा नंबरही बदलतो, म्हणून कॉन्फिगमध्ये (गॅमूच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) नंबराऐवजी 'बाय-आयडी'चा, म्हणजे डोंगलच्या स्वतःच्या ओळखीचा पत्ता द्या. आणि त्यात जिओचं सिम घालू नका, जुन्या थ्रीजी डोंगलमध्ये चालत नाही.

पवईचा_प्रोग्रामर:
खरी गंमत मजकुरात आहे. इंग्रजीला एका मेसेजमध्ये १६० अक्षरं मिळतात, मराठीला ७०. त्यापुढे गेलात की तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात ६७. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे 'पाणी' चार आणि 'उद्या' पाच. तुमचं "सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की" एवढंच ४१ झालं! पाण्याला उरले २९.

"उद्या पहाटे पाणी ४.३० ते ५.३० येईल. भरून ठेवा." हे बरोबर ४६ होतात. सोसायटीच्या नावाला २४ शिल्लक.

दुसरं, हे सिमवरून फार दिवस करू नका. दहा आकडी नंबरावरून एकगठ्ठा मेसेज जाताना दिसले की अनोंदणीकृत टेलीमार्केटर समजून सिम बंद होऊ शकतं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमांनुसार रीतसर रस्ता म्हणजे डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांचं मेसेज-नोंदणी पोर्टल) सोसायटीची नोंदणी, मग सहा अक्षरी हेडर (पाठवणाऱ्याचं नाव म्हणून दिसतं ते), मग टेम्प्लेट (मजकुराचा साचा) मंजूर करून घेणं. पॅन, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, अधिकारपत्र तयार ठेवा. टेम्प्लेट 'सर्व्हिस' प्रकारातच टाका. 'प्रमोशनल'ला (जाहिरातींना) सकाळी १० ते रात्री ९ एवढीच मुभा, तुमचं पाणी तोवर गटारात. पाठवतानाचा मजकूर मंजूर टेम्प्लेटशी तंतोतंत जुळायला हवा, एक पूर्णविराम जास्त झाला तरी मेसेज अडतो. वेळेच्या जागी तेवढा व्हेरिएबल (दरवेळी बदलता येणारी जागा) ठेवा.

लालबागकर_सेक्रेटरी:
युनिकोड दिल्याबरोबर मराठी उमटलं. काकूंनी फोन उघडून अख्ख्या जिन्याला दाखवला. हबही आणला, चार दिवस डोंगल जागेवर आहे.

मजकूर छाटल्यावर अध्यक्षांचा फोन. "'सन्माननीय' कुठे गेलं?" म्हटलं, साहेब, एका 'सन्माननीय'ला नऊ अक्षरं लागतात. तेवढ्यात पाणी दोनदा येतं. पटलेलं दिसत नाही, पण गप्प बसले.

डीएलटीची कागदपत्रं जमवायला घेतली. सध्या सिमवरून फक्त बटणवाल्या सोळा घरांना पाठवतोय. आता हेडरची भानगड. सहा अक्षरांत इमारतीचं नाव बसत नाही, आणि काल मीटिंगला चौघं होते, नावं पाच निघाली.